प्रत्येकासाठी दोन वाक्यं

चौथीच्या बाईंचा एक शिरस्ता होता. वर्षाच्या शेवटी, निरोपाच्या कार्यक्रमात, त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्टेजवर बोलवायच्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलायच्या. हातात कागद नसायचा. शाळा चौथीपर्यंतचीच होती. पुढे मुलं पांगायची, बरीचशी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जायची, काही आणखी कुठे कुठे. पहिला-दुसरा आलेल्यांची बक्षिसं, धावण्याचे कप, हस्ताक्षराची प्रशस्तिपत्रं हे सगळं मुख्याध्यापिका वाटायच्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पण पालक शेवटपर्यंत जागेला चिकटून असायचे ते या दोन वाक्यांसाठी. ‘बाईंनी आमच्या कार्ट्याला बरोब्बर ओळखलं’ असं म्हणत आया डोळ्यांना रुमाल लावायच्या, आणि ते ऐकताना बाईंनाही बरं वाटायचं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटायचं.

कार्यक्रम शनिवारी होता. गुरुवारी सकाळी बाई गच्चीत कपडे वाळत घालत होत्या आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. एक कपडा, एक मूल. सदऱ्याला चिमटा लावताना ‘वकील’ झाला, जो प्रत्येक गोष्टीवर ‘पण का?’ विचारायचा. टॉवेलला ‘रेडिओ’ झाली, जिचं तोंड फक्त डबा खातानाच बंद असायचं, तेही नेहमी नाही. मग ‘पेन्सिल’, मग ‘झोपाळू’, मग भांडखोर जुळे. बाईंच्या वर्गात प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि प्रत्येकाला ते आवडायचं.

मग हातात उशीचा अभ्रा आला आणि बाई थांबल्या. कुणीतरी राहिलं होतं.

ती नवी मुलगी.

शाळा सुरू होऊन महिनाभर झाल्यावर तिचं कुटुंब या गावात आलं होतं. म्हणजे आता तिला नवी म्हणण्यात काही अर्थ नव्हता, पण वर्गात अजून ती ‘नवी’च होती. बाईंनी अभ्रा हातात धरून आठवायचा प्रयत्न केला. दोन वेण्या. अक्षर बरं. बेरजा-वजाबाक्या बरोबर. कधी उशिरा नाही, कधी भांडण नाही, कधी पोटात दुखतं म्हणून घरी गेली नाही. ‘शांत, गुणी मुलगी,’ बाई मोठ्यांदा म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हे तर कपाटाबद्दलही म्हणता आलं असतं.

तिथून बाईंच्या डोक्याला जो भुंगा लागला तो काही सुटेना.

शाळेत सगळीकडे तयारीची धांदल. हॉलमध्ये कागदाची फुलं, रिबनी, माईकची कुई कुई. पीटीचे सर शिडीवर चढून पडदा बांधत होते. बाईंनी खालूनच विचारलं, “सर, माझ्या वर्गातली ती नवी मुलगी. खेळात कशी आहे हो?”

“कोणती?”

“दोन वेण्यांची.”

“निम्म्या शाळेला दोन वेण्या आहेत, बाई.” सरांनी तोंडातली सुतळी काढली. “धावते. म्हणजे, धावत असणार. मागे राहिली असती तर लक्षात आली असती. पुढे असती तरी आली असती.”

बाई मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई कपांवर बोट फिरवून धूळ बघत होत्या.

“मग एखादं तयार वाक्य टाका ना,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वाटचालीला शुभेच्छा वगैरे. एवढ्या मुलांत कोण लक्षात ठेवतंय?”

“ती ठेवेल.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता.”

दुपारी रंगीत तालीम झाली. मुलं एकेक करून स्टेजवर यायची, बाई खांद्यावर हात ठेवायच्या, मूल हसायचं आणि पलीकडच्या पायऱ्यांनी उतरायचं. नवी मुलगी आली तशी न थांबता निघून गेली, गाडी नाही असं बघून रस्ता ओलांडावा तशी. बाईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी तिला मागे जाऊन गाठलं.

“तुला काय आवडतं गं?”

“सगळं, बाई.”

“सगळं म्हणजे?”

“सगळंच.”

ती बाईंच्या कोटाच्या बटणाकडे बघत राहिली. बाईंनी “बरं, जा” म्हटल्यावर लगेच गेली.

संध्याकाळी बाई नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. बसल्या म्हणजे नुसतं नावालाच. दोनदा उठल्या, फ्रेमा सरळ केल्या, परत वाकड्या केल्या.

“इतकी वर्षं बोलतेस,” नवरा काच घासता घासता म्हणाला, “एखादीच्या वेळी थोडं गोलगोल बोललीस तर आभाळ कोसळणार आहे का?”

“अहो, गोलगोल बोललेलं मुलांना कळतं. आईबापांना नाही कळत, पण त्यांना कळतं.”

“मग तिच्या घरी जा.”

“आणि काय सांगू?”

“सांग, ओळख करून घ्यायला आले.”

“वर्ष संपल्यावर?”

यावर नवऱ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि काचेत डोकं घातलं. म्हणजे त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलं होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई निघाल्या. मुलीच्या आईची लाँड्री होती, एवढं त्यांना माहीत होतं. बसथांब्यामागची गल्ली, सायकल दुरुस्तीवाला आणि त्याच्या समोर लाँड्री. ती उघडीच होती. आत वाफ, हँगरला लटकलेले कोट, चादरींचे गठ्ठे, आणि एक आवाज. तो आवाज ऐकून बाई रस्त्याच्या अलीकडेच, सायकलींच्या आड थांबल्या.

“गप्प बसा! जो आवाज करेल त्याला गरम इस्त्रीखाली घालीन. कॉलरसकट!”

एका उपड्या खोक्यावर नवी मुलगी उभी होती. अंगात कुणा गिऱ्हाइकाचा कोट, घोट्यापर्यंत आलेला. समोर तिचा धाकटा भाऊ, शेजारपाजारची पोरं आणि कपडे न्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ. तिने मनगटाच्या मागच्या बाजूने नाकावरचा चष्मा वर सरकवला. चष्मा नव्हताच, पण बाईंना तो स्पष्ट दिसला. बोटांना खडू लागलेला असतो म्हणून बाई स्वतः असाच चष्मा सरकवायच्या. आपण असं करतो हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“हा आमचा वकील,” मुलगी म्हणाली. आवाज बाईंचाच, शेवटचा शब्द जरा लांबवण्याची सवयही तीच. “हा पुढे कोर्ट गाजवणार आहे. फक्त जज्जसमोर नाकातलं बोट काढ रे बाळा.” पोरं खिदळली. “ही आमची रेडिओ. हिच्या आईला माझा एकच प्रश्न आहे, हिचं बटण कुठे असतं?”

म्हातारे गृहस्थ हसता हसता ठसकले. बाईंनाही हसू येत होतं. हे त्यांच्या वाक्यांपेक्षा चांगलं होतं.

“ताई, आता तुझं!” भाऊ ओरडला.

मुलगी खोक्यावरून उतरली. शेजारी कुणी उभं आहे असं धरून तिने त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. चष्मा वर सरकवला. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

“आणि ही... ही... हां. शांत, गुणी मुलगी.” क्षणभर थांबून, “पुढचा कोण आहे?”

सगळे पोट धरून हसले. रस्त्याच्या अलीकडे बाईंचे कान तापले. गच्चीत त्या म्हणाल्या होत्या, शब्द न् शब्द तोच होता.

परत फिरावं असं त्यांना फार वाटलं. पाय दोनदा तसे वळलेही. पण तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलामागून मुलीच्या आईने त्यांना पाहिलं.

“अगं बाई! बाई आल्या!”

मुलीने वळून बघितलं आणि बाईंच्या डोळ्यांदेखत ती नाहीशी झाली. म्हणजे उभी तिथेच होती, पण खांदे आत गेले, मान खाली गेली, कोट अंगावरून उतरून हँगरवर गेला आणि उरली ती वर्गातली मुलगी.

आईने स्टूल पुसून दिलं. “फौजदाराने काही केलं का शाळेत? आम्ही घरात हिला फौजदारच म्हणतो. गिऱ्हाइकं मला नाही घाबरत, हिला घाबरतात. मी वर्षभर धाकधूक करत होते, आज तक्रार येईल, उद्या येईल. पालकसभेत तुम्ही दरवेळी म्हणायचात, काही तक्रार नाही. माझा जीव भांड्यात पडायचा.”

“तिची काही तक्रार नाही,” बाई म्हणाल्या. “वर्गात ती एक शब्द बोलत नाही.”

“आमची?” आईने इस्त्री उभी केली. “बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. ती दुसरी कुणी असेल.”

बाईंनी मुलीला विचारलं, जरा आत येतेस का? लटकत्या कपड्यांच्या दोन रांगांमध्ये त्या दोघी उभ्या राहिल्या. वाफेचा आणि साबणाचा वास येत होता.

“वर्गात का नाही गं बोललीस कधी?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“हात वर करायचास.”

“केला होता. तुम्हाला दिसत नव्हता.”

“का नाही दिसणार?”

“मध्ये खांब आहे ना.”

बाईंना वर्ग आठवला. मागच्या बाजूचा तो जाड खांब, आणि त्याच्या आडचा बाक.

“पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, सध्या इथे बस, मग सांगते,” मुलगी म्हणाली. “मग सांगितलं नाहीत.”

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तुमचा शर्ट अजून झाला नाही, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.  बाई एका कोटाची बाही उगाच सरळ करत राहिल्या.

“उद्या मी तुझ्याबद्दल काय बोलू?”

मुलीने विचार केला. “शांत, गुणी नको.”

“बरं.”

“आणि खोटं नको.”

“बरं.”

“आणि मला लवकर सोडा. मागे रांग असते.”

शनिवारी बाई शाळेत शिपायाच्याही आधी पोचल्या. रात्री त्यांना धड झोप लागली नव्हती. त्या थेट वर्गात गेल्या. वर्ग रिकामा होता. पालकांना बसायला सगळे बाक हॉलमध्ये नेले होते. बाई खांबामागे जाऊन उभ्या राहिल्या. तिथून अर्धा फळा दिसत होता. बाईंचं टेबल अजिबात दिसत नव्हतं.

दारात चाहूल लागली. आई दुकान उघडायला जाताना मुलीला लवकर सोडून गेली होती.

“ये,” बाई म्हणाल्या. “सांग बघू, तुला कुठे बसायचं होतं?”

मुलीने खिडकीजवळच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे नुसती फरशी होती. “तिथे. रेडिओच्या शेजारी.”

“तिच्या शेजारी? ती कुणाला लिहूसुद्धा देत नाही.”

“मला पण बडबड करायची होती.”

ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलावं, काहीतरी करावं. पण तिथे ना बाक होता, ना वर्ग, ना वर्ष. मुलीने खिडकीतून बाहेर बघितलं, एवढंच. “जाऊ, बाई? रिबनी लावायच्यात,” असं म्हणून ती गेली.

हॉल गच्च भरला. मोठ्या बाईंचं भाषण झालं, कप वाटले गेले, टाळ्या झाल्या. माईकने मध्येच कुई केलं तेव्हा लहान भावंडांनी त्याला तसंच उत्तर दिलं. मग बाईंची पाळी आली. त्या स्टेजवर गेल्या खऱ्या, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाक्यं तोंडातून येत होती, ठरवलेली, घोटलेली, आणि त्यांच्या कानांना ती दुकानातल्या तयार कपड्यांसारखी वाटत होती, एकाच मापाची. जुळ्यांमध्ये त्यांनी एकाचं वाक्य दुसऱ्याला दिलं. वकिलाच्या वेळी दुसरं वाक्य आठवलंच नाही. “आणि असाच राहा” म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पहिल्या रांगेत वकिलाच्या वडिलांनी मोबाईल खाली केला.

नवी मुलगी आली. या वेळी ती थांबली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिच्याबद्दल मला दोन वाक्यं येत नाहीत,” बाई म्हणाल्या.

हॉलमधली कुजबुज थांबली.

“ही वर्षभर माझ्या वर्गात होती आणि मी हिला एका खांबामागे बसवून विसरून गेले. मला वाटायचं, मी सगळ्या मुलांना ओळखते. माझी नजर सगळीकडे असते असं मला वाटायचं, आणि लोकही तसंच म्हणायचे, म्हणून मी...”

त्या बोलत गेल्या. बोलताना त्यांना मोकळं वाटू लागलं होतं. पालक एकमेकांकडे बघत होते. मागच्या बाजूला मुलीची आई उभी राहिली होती. आपल्या मुलीचा मान होतोय की अपमान, हे तिला कळत नव्हतं. मुलगी लालबुंद झाली होती. तिने बाईंची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“बाई, हे तर तुमच्याबद्दल झालं.”

आधी कुणीतरी एकटंच हसलं, मग सगळा हॉल हसला. बाईंच्या तोंडचं वाक्य तसंच राहिलं. मुलीचं म्हणणं खरं होतं. तिच्या वाट्याचा वेळ त्यांनी स्वतःवरच खर्च केला होता.

“मग तू सांग,” त्या म्हणाल्या आणि माईकपासून बाजूला झाल्या.

मुलगी घोटाळली. एकदा पायऱ्यांकडे बघितलं, एकदा रांगेकडे. मग माईकची मान खाली ओढली, अगदी सराईतासारखी.

“आमची लाँड्री आहे,” ती म्हणाली. “मी एकही कपडा हरवू देत नाही. आणि मला गप्प बसायला आवडत नाही.” मग पायाच्या बोटांवर उभी राहून तिने खाली बसलेल्या मुलांमध्ये शोधलं. “ए रेडिओ! तू कुठल्या शाळेत जाणारेस?”

“नदीपलीकडच्या!” रेडिओ ताडकन उभी राहून ओरडली.

“मी पण! तुझ्या शेजारी जागा धर!”

“धरते!”

“विसरू नकोस!”

“नाही विसरत गं!”

“पुढचा ये!” मुलीने माईकमध्ये हुकूम सोडला, आणि रांगेतला झोपाळू, जो वर्षभर कुणाच्या हाकेला वेळेवर उठला नव्हता, धावत स्टेजवर आला. टाळ्या इतक्या वाजल्या की त्याला वाटलं त्या त्याच्यासाठीच आहेत. तो वाकून वाकून नमस्कार करत सुटला.

कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाईंनी बाईंना कोपऱ्यात गाठलं. “पालकांसमोर हे बोलायची काय गरज होती? उद्या प्रत्येक जण विचारेल, माझं मूल कुठे बसत होतं.”

“विचारू देत.”

“उत्तर मला द्यावं लागतं.”

वकिलाचे वडील आले. ते चिडले नव्हते, त्यांचा चेहरा पडला होता, ते जास्त वाईट होतं. बाईंनी वकिलाला शोधून काढलं, कागदाच्या फुलांच्या ढिगाजवळ त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि राहिलेलं वाक्य त्याला एकट्याला सांगितलं. “पण का?” त्याने विचारलं. मग त्यांना तेही सांगावं लागलं.

मुलीची आई शेवटी आली. “तुम्ही मनापासून बोललात, कळतं मला,” ती म्हणाली. “पण सगळ्यांसमोर नको होतं, बाई. दुकानात आला होतात, तेव्हा मला सांगायचं.”

“चुकलं माझं.”

“हो,” आई म्हणाली, आणि त्यात गोडवा घालायचा प्रयत्न तिने केला नाही. मुलगी तिचा हात ओढत होती. रेडिओ फाटकाशी थांबली होती. मुलगी बाईंना “जाते हं, बाई” म्हणाली आणि पळाली. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही. मुलं बघत नाहीत. त्यांना पुढे कामं असतात.

हॉल रिकामा झाला. बाक परत लावायचे होते, पण ते सोमवारी, असं पीटीच्या सरांनी सांगितलं. बाईंना घरी जाववेना. त्या नेहमीचा रस्ता सोडून बाजाराच्या बाजूने चालत राहिल्या. मागच्या वर्षीची मुलं आठवून बघितली, त्याच्या मागच्या वर्षीची. टोपणनावं भराभर येत होती. त्यांच्यामध्ये, ज्यांना टोपणनाव नव्हतं ती कोण होती, हे काही केल्या आठवत नव्हतं. चेहरेसुद्धा नाहीत. चालण्याचा वेग वाढत होता हे त्यांना कळत होतं, पण कमी करता येत नव्हता.

“बाई! अहो, बाई!”

ब्रेडचा एक टेम्पो रस्त्याकडेला थांबला होता. खिडकीतून एक दाढीवाला तरुण हसत होता.

“ओळखलंत का?”

असं रस्त्यात कुणी विचारलं की बाईंचं उत्तर तयार असायचं. ‘अरे, हो तर! किती मोठा झालास!’ आणि पुढे दोन मिनिटं त्या हुशारीने निभावून न्यायच्या. मुलं खूश होऊन जायची. उत्तर आत्ताही ओठांवर आलं होतं.

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “नाही ओळखलं.”

तरुणाचं हसू जरा कमी झालं.

“पण मला घाई नाही,” बाई म्हणाल्या आणि टेम्पोच्या सावलीत येऊन उभ्या राहिल्या. “तू सांग. अगदी पहिल्यापासून सांग.”

 मागून एका गाडीने हॉर्न वाजवला, त्याला तरुणाने हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. मग इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.